सेल्फ मारू नका!

कोल्हापूरकडच्या जुन्या घरांतून एखादी तरी गाडी अशी असते, जी विकलेली नसते, मोडीत काढलेली नसते आणि चालूही नसते. गोठ्यातली म्हैस गेली, त्या जागी पत्रा आला आणि पत्र्याखाली ही येऊन उभी राहिली. घरातल्या प्रत्येकाला तिचा काही ना काही उपयोग असतो. पत्रा गाडीपेक्षा आखूड असल्यामुळे बॉनेट उन्हात राहतं, त्यावर कुरडया वाळतात. मागच्या सीटवर गणपतीचं मखर अकरा महिने मुक्काम ठोकून असतं. डिकीत कांदे. पुढच्या सीटवर मांजर दरवर्षी बाळंतपणाला येतं. खंडेनवमीला ट्रॅक्टरला, मोटरसायकलला हार पडतात तेव्हा हिलाही पडतो आणि हिचाच सगळ्यांत जास्त टिकतो, कारण बाकीच्यांचे गांधीनगरपर्यंत जाईतो उडून गेलेले असतात. बंद गाडीवर प्रेम करायला काही खर्च येत नाही. खर्च सुरू होतो तो कुणीतरी ‘ही चालू करून बघूया का?’ असं म्हटल्यावर.

आमच्या थोरल्या काकांकडे, म्हणजे आप्पांकडे, अशीच एक प्रीमियर पद्मिनी आहे. 1981 सालची. आप्पा तिला अजून फियाटच म्हणतात आणि त्यांचं काही चुकत नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून इटलीची फियाट 1100 डी ही जी गाडी बनत होती, तीच सत्तरच्या दशकात चितोडच्या राणीचं नाव लावून बसली. कंपनी काढली होती 1944 साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. म्हणून आप्पांच्या मते ही गाडी दिसायला इटालियन आणि टिकायला सोलापुरी. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर आणि पुढून हँडल घालायला भोक. त्या काळी गाडी घ्यायची म्हणजे दुकानात जाऊन रंग निवडायचा, असला प्रकार नव्हता. नंबर लावायचा आणि वाट बघायची. आप्पांनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न नुकतंच ठरलं होतं. गाडी दारात आली तेव्हा पोरगं शाळेत जात होतं. एवढी वाट बघून मिळालेली वस्तू माणूस विकत नाही. डिसेंबर 1983 मध्ये मारुती आली, पुढे बाकीच्या आल्या, गल्लीतल्या फियाटी एकेक करून गेल्या. आप्पांनी मोतीबिंदूनंतर स्टिअरिंग सोडलं, पण किल्ली सोडली नाही. ती देवघरात, कुलदेवतेच्या टाकाशेजारी.

आता ती चालू करायचं कारण म्हणजे प्री-वेडिंग. आप्पांच्या नातवाचं लग्न ठरलं आणि होणाऱ्या नातसुनेला फोटोसाठी ‘घरची विंटेज कार’ हवी होती. कायद्यानं बघायचं तर केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणवून घ्यायला गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली लागते. म्हणजे आप्पांची पद्मिनी 2031 नंतर विंटेज होणार. तोवर नुसतीच जुनी. पण लग्न तोवर थांबणार नव्हतं.

रविवारी सकाळी गल्ली जमली. बंद गाडीचं बॉनेट उघडलं, की कुठून माणसं येतात हा अभ्यासाचा विषय आहे. पाणी आलं नाही म्हणून तक्रार करायला जे सहीला येत नाहीत, ते सगळे आले. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आले. बुलेटवाले दोघं आले. शेजारचा पॉलिटेक्निकला जाणारा मुलगा मोबाइल उघडूनच आला. आणि या सगळ्यांचं, वयाचा, शिक्षणाचा, पक्षाचा भेद विसरून, एकाच गोष्टीवर एकमत होतं: ‘नवी बॅटरी लावा आणि मारा सेल्फ!’

मिस्त्री आले ते सायकलवरून. ज्याच्या हाताखालून उभ्या जन्मात शेकडो गाड्या गेल्या तो माणूस सायकलवर फिरतो, यातून ज्यानं त्यानं काय घ्यायचं ते घ्यावं. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावायच्या आधी आप्पांकडून किल्ली मागून घेतली आणि शर्टाच्या खिशात, बिडीबंडलाखाली ठेवून दिली.

‘‘सेल्फला कुणी हात लावायचा न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘मी सांगंपर्यंत.’’

गर्दीचा निम्मा उत्साह तिथंच गेला. लोकांना वाटतं, बंद इंजिनाचं शास्त्र म्हणजे ते चालू कसं करायचं याचं शास्त्र. प्रत्यक्षात ते चालू न करण्याचं शास्त्र आहे. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनातलं ऑइल ओघळून खाली चेंबरात जाऊन बसतं. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात, पावसाळ्याची ओल आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा जिथल्या तिथं गंजून भिंतीला धरतात. वरचा एखादा व्हॉल्व्हही आखडलेला असतो. अशा वेळी नव्या बॅटरीच्या जोरावर सेल्फ मारला, तर काहीतरी फिरतं खरं, पण त्याच वेळी काहीतरी वाकतं किंवा तुटतं. बहुतेक वेळा पुशरॉड वाकतो, नाहीतर रिंग तुटते. बंद पडताना जी गाडी धडधाकट होती, तिला मारण्याचं पुण्य ती चालू करणाऱ्याच्या वाट्याला येतं.

मिस्त्रींनी चारही प्लग काढले. भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं. फडक्यानं हात पुसले.

‘‘आता?’’ बांधकाम खात्याच्या साहेबांनी विचारलं.

‘‘आता काय न्हाई. जेवायचं, झोपायचं. ते आपलं आपण मुरतंय.’’

हे ऐकून गल्ली हळूहळू पांगली. तमाशाला यावं आणि कीर्तन निघावं, असे चेहरे झाले होते. बुलेटवाल्यांनी जाता जाता ‘धक्का मारला असता तर उचललं असतं’ असं एकमेकांना सांगितलं. धक्क्यावर आपल्या लोकांची फार श्रद्धा. पुढे सरकारी कामापासून पोराच्या दहावीपर्यंत सगळं धक्क्यानंच होत असल्यामुळे ती श्रद्धा अगदी निराधार आहे असंही म्हणवत नाही. पण इंजिन आतून धरलेलं असताना गिअर टाकून गाडी ढकलली, तर मागची चाकं नुसती फरफटतात आणि ढकलणाऱ्यांच्या कमरा धरतात.

दुसऱ्या दिवशी हँडल निघालं. ते कांद्यांच्या खाली होतं. हँडल कसं धरायचं यावर मिस्त्रींनी नातवाचा क्लास घेतला: अंगठा मुठीभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जातं आणि मनगट शाबूत राहतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं विजेचा स्टार्टर काढला आणि 1912 च्या कॅडिलॅकवर तो बसला, तोवर जगभरचे मोटारवाले असेच अंगठे आणि मनगटं सांभाळत गाड्या चालू करत होते. तेव्हा गाडी चालू करण्याआधी माणूस विचार करत असे. सेल्फ आला आणि तो विचार गेला.

हँडल आधी हललंच नाही. मिस्त्रींनी जोर लावला नाही. थोडं पुढे, थोडं मागे, असं ते चुचकारत राहिले. मग आतून कचकन आवाज आला, आप्पांनी डोळे मिटले आणि इंजिन फिरलं. त्या क्षणी आप्पांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो पुढे इंजिन प्रत्यक्ष चालू झाल्यावरही दिसला नाही.

गल्लीला वाटलं, झालं. मिस्त्रींना विचारलं तर अजून सुरुवातच झालेली नव्हती.

पेट्रोलचं झाकण उघडलं आणि परसात वार्निशचा वास सुटला. टाकीत जे होतं ते पेट्रोल म्हणून कधीतरी आत गेलं होतं एवढंच. जुनं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट राळ उरते, आणि ती राळ पाइपात, पंपात, कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये जाऊन बसते. टाकी खाली उतरवून धुतली तेव्हा तिच्यातून एवढा गंज निघाला, की टाकीला अजून पत्रा शिल्लक आहे याचंच आश्चर्य वाटलं. ‘‘नवं पेट्रोल टाकलं की झालं,’’ आप्पा म्हणाले. पण नव्या पेट्रोलची गोष्ट वेगळीच आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल मिळतं. ते पद्मिनीच्या वेळच्या रबराला मानवत नाही. पाइप फुगतात, पंपाचा डायफ्रॅम मऊ पडतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे गाडी उभी राहिली की टाकीत पुन्हा गंज. हे इथेनॉल उसापासूनही बनतं. आप्पांचा ऊस दरवर्षी कारखान्याला जातो. मिस्त्रींनी हे सगळं समजावून सांगितल्यावर आप्पा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘‘म्हंजे आपलाच ऊस आपलंच रबर खाणार!’’ त्या वर्षीच्या दरावरून ते आधीच चिडलेले होते.

रबराचे पाइप सगळे नवे घेतले. कार्बोरेटर उघडून वर्तमानपत्रावर मांडला गेला आणि इथे काकींनी कामात भाग घेतला. त्या माळ्यावरून स्टोव्हची पिन घेऊन आल्या. ज्या घरात एकेकाळी वातीचा नाही तर हवेचा स्टोव्ह होता, तिथे अशी पिन अजून सापडते, आणि भोक दिसलं की ती घालावी असं वाटतं. मिस्त्रींनी ती नम्रपणे परत केली. जेट पितळेचा, त्याचं भोक मोजून पाडलेलं. पिन घातली की भोक मोठं होतं, पेट्रोल जास्त जातं आणि मग माणूस जन्मभर ‘हिला ॲव्हरेज नाही’ म्हणून कंपनीला शिव्या देतो. जेट आधी पेट्रोलमध्ये भिजवायचे, मग हवेनं फुंकायचे. काकींनी पिन पुन्हा माळ्यावर ठेवली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. ‘‘आमचा स्टोव्ह तीस वर्षं पिनीवरच चालला,’’ असं त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्याचं ऐकू आलं.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर निघालं. कापूस, सुतळी, लग्नपत्रिकेचे तुकडे आणि वायरिंगचं प्लॅस्टिक. उंदरानं हेडलाइटची आणि हॉर्नची वायर खाल्ली होती, पण इग्निशनची सोडली होती. यावर काही बोलायचं नाही, असं मिस्त्रींनी सांगितलं, उपकार आहेत.

मग करंट. पॉइंट काळे पडलेले असतात, ते पॉलिश पेपरनं घासायचे, त्यांच्यात फट ठेवायची, ती गेजनं मोजायची. मिस्त्रींकडे गेज होतं. तरी आधी त्यांनी खिशातलं एक व्हिजिटिंग कार्ड घालून बघितलं आणि मग गेजनं ते बरोबर निघालं. याच वेळी पॉलिटेक्निकच्या मुलानं मदत म्हणून डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, झाकणावरच्या चारही वायरी उपसून स्वच्छ पुसून ठेवल्या. कुठली कुठल्या प्लगची हे न बघता. मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी फक्त ‘‘एक, तीन, चार, दोन’’ एवढंच म्हटलं आणि हाताच्या सवयीनं लावून टाकल्या. पद्मिनीत प्लग पेटतात ते याच क्रमानं. मुलाला वाटलं होतं एक, दोन, तीन, चार. तसं असतं तर गणित शिकलेला कुठलाही माणूस मिस्त्री झाला असता.

एवढं सगळं होईपर्यंत गल्ली पुन्हा जमू लागली होती, कारण आता प्लग बसले होते आणि सेल्फचा आवाज कानावर येणार, अशी आशा उत्पन्न झाली होती. तेवढ्यात मिस्त्रींनी बॉनेट मिटलं आणि चाकं खोलायला घेतली.

या गोष्टीसाठी मी त्यांना मानतो. जुन्या गाडीच्या मागे लागलेला माणूस इंजिनावर जीव टाकतो आणि ब्रेककडे बघत नाही, कारण इंजिन आवाज करतं आणि ब्रेक करत नाही. सगळं कौतुक चालू होण्याचं; थांबण्याचं कौतुक कुणाला नाही. पण ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं हवेतलं पाणी ओढत असतं. व्हील सिलिंडरमधले पिस्टन गंजून अडकतात, रबरी कप फुगतात आणि पायाखालचं पेडल एकतर दगड झालेलं असतं, नाहीतर सरळ जमिनीला टेकतं. त्यात क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असेल, तर क्लच दाबूनही गिअर सुटत नाही. आता कल्पना करा: इंजिन एकदाचं उचलतं, गाडी गिअरमध्ये आहे, क्लच सुटत नाही, ब्रेक लागत नाही आणि समोर टाळ्या वाजवणारी गल्ली उभी आहे.

ड्रम काढले. पिस्टन निघेनात, ते निघाले तेव्हा खड्डे पडलेले निघाले. शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्यानं जुना बघून तसे नवे कातून दिले, आणि देताना, ‘‘हे काय फियाटीचं हाय व्हय?’’ एवढंच विचारलं. या गावात लोखंडाच्या वस्तूला ‘मिळत नाही’ असं कुणी म्हणत नाही. ‘करून देतो’ म्हणतात. रबरी किट मात्र मुंबईहून, ऑपेरा हाउसकडच्या दुकानातून मागवावं लागलं. मुंबईत अजून पद्मिनीचं सामान मिळतं याचं कारण तिथल्या एकेकाळच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली; टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. माणसांना अठ्ठावन्नची असते आणि त्यांचे सुटे भाग नंतर मिळत नाहीत.

दरम्यान सल्ले चालूच होते. पॉलिटेक्निकच्या मुलानं मोबाइलवर इंग्लंडमधला एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गोरा माणूस धान्याच्या कोठारातून चाळीस वर्षं बंद असलेली गाडी काढतो, कार्बोरेटरमध्ये बाटलीनं पेट्रोल ओततो आणि वीस मिनिटांत चालू करून निघून जातो. ‘‘तो व्हिडिओ वीस मिन्टांचा हाय,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘काम किती दिवसांचं हाय ते त्याला इचार.’’ बाटलीनं पेट्रोल ओतायला त्यांनी साफ नकार दिला. इंजिनानं उलटा फटका मारला तर ज्वाळा कार्बोरेटरमधून वर येते आणि बाटली हातात असते. गोरा माणूस त्या भागाचा व्हिडिओ टाकत नाही.

शेवटी मिस्त्रींनी खिशातून किल्ली काढली. तरी लगेच नाही. आधी प्लग पुन्हा बाहेर काढून, नव्या ऑइलवर सेल्फनं इंजिन नुसतंच फिरवलं, समोरचा ऑइलचा तांबडा दिवा विझेपर्यंत. म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचलं. मग प्लग आत, चोक बाहेर, आप्पा स्टिअरिंगवर. मोतीबिंदू झालेला माणूस गाडी उभ्या जागी चालू करू शकतो, यावर डॉक्टरांचं काही म्हणणं नव्हतं.

इंजिनानं आधी खोकून बघितलं. मग सायलेन्सरमधून फटाक्यासारखा आवाज झाला आणि उंदराच्या संसारातलं जे काही आत राहिलं होतं ते कोपऱ्यातल्या तुळशीपर्यंत उडालं. मग उचललं. असा धूर झाला, की गल्लीतली लहान पोरं ‘डासांची गाडी आली, डासांची गाडी आली’ म्हणत बाहेर धावली. काकींनी खिडक्या लावल्या, पण कुरडया बॉनेटवरून उचलून कठड्यावर मांडलेल्या होत्या, त्या गेल्या. मिस्त्री मात्र त्या धुराकडे निवांत बघत होते. पांढरा धूर पाण्याचा, तो जातो. काळा पेट्रोलचा, तो कार्बोरेटर लावला की जातो. निळा ऑइलचा, म्हणजे रिंगा थकल्या. तो जात नाही, त्याच्याबरोबर राहायला शिकावं लागतं. आप्पांचा निळाच होता.

नारळ फुटला, पेढे आले, आणि बांधकाम खात्याच्या साहेबांनी ‘मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, बॅटरीच आहे’ असं जाहीर केलं.

गाडी चालू झाली तरी ती परसातच फिरते, कारण इंजिन ओतलेल्या डिझेलनं सुटतं, कागद तसे सुटत नाहीत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवायची असते. आप्पांनी ती शेवटी कधी वाढवली हे त्यांनाही आठवत नाही. शिवाय विमा, पीयूसी, हरित कर. निळ्या धुराला पीयूसी मिळवण्यासाठी मिस्त्री आता रिंगांचा विचार करत आहेत, आणि आप्पा खर्चाचा.

प्री-वेडिंगचा फोटोग्राफर आला तेव्हा आप्पांनी मोठ्या अभिमानानं गाडी चालू करून दाखवली. तो म्हणाला, ‘‘काका, बंद करा ना जरा. धूर फ्रेममध्ये येतोय. मुलीला नुसतं टेकायला पाहिजे.’’

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर आताच तिच्याकडे बघा. उभी करून ठेवायची असेल तर पेट्रोल काढून टाका, बॅटरीची वायर सोडवा, प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल घाला, चाकांना अटकाव लावून हँडब्रेक मोकळा ठेवा आणि प्लॅस्टिकच्या ताडपत्रीऐवजी सुती कापड घाला. प्लॅस्टिक आत ओल धरून ठेवतं. कागद चालू असतील आणि अधूनमधून फिरवणार असाल, तर चांगली तापेपर्यंत चालवा. दोन मिनिटं घुरघुरवून बंद करण्यानं सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, ऑइलमध्ये ओल जाते आणि बॅटरी उतरते. त्यापेक्षा तिला हातच न लावलेला बरा.